तायडे साहेबांचा पुढचा क्रॉस

सगळ्यात आधी सांगून टाकतो, मला मोठ्या मोटारसायकली आवडत नाहीत. माझं गॅरेज कारंज्यात, मुर्तिजापूर रस्त्याला. उभी हयात जीपगाड्यांच्या खाली उताणं पडून गेली. कामरगाव, मानोरा, पोहरादेवी या बाजूला ज्या प्रवासी जीपा धावतात, त्यांच्या पोटातलं सगळं मला डोळे मिटून सांगता येतं. दोन चाकांवर उभी, म्हशीएवढी जड आणि काडीनं मोडेल अशी नाजूक गाडी दारात आली की माझं डोकं आधीच दुखायला लागतं.

तरी दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा म्हटल्यावर आठवली ती तशीच एक गाडी. आणि तिचे मालक तायडे साहेब. त्यांनी मला जेवढं छळलं, तेवढं आयुष्यात कोणत्याच गिऱ्हाइकानं छळलं नाही.

पण आधी क्रॉस म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

जीपचं इंजिन पुढं असतं आणि गाडी ढकलणारी चाकं मागं. मधे एक लांब लोखंडी शाफ्ट फिरत असतो. रस्त्यात खड्डा आला की मागची चाकं खालीवर होतात, म्हणजे शाफ्टाला फिरता फिरता वाकावंही लागतं. लोखंड कसं वाकणार? म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधा असतो, आपल्या मनगटासारखा. त्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा बसवलेला असतो, त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या, वाट्यांत सुईसारख्या बारीक सळया आणि ग्रीस. ग्रीस वाळलं की आत गंज चढतो, सळया लोखंडाला चावून खाचा पाडतात. मग सांधा हातानं वाकवला तर मधेच अडकून ‘खट्ट’ लागतं. त्या ‘खट्ट’ला मी घाबरतो.

कारण एकदा पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या जीपचा पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटलेला मी पाहिला आहे. शाफ्टाचं सुटलेलं टोक रस्त्यात रुतलं, आणि माणसांनी खच्चून भरलेली जीप त्यावर उचलली गेली. खालचा पत्रा फाटून शाफ्ट आत शिरला. नशीब एवढंच, की कोणी मेलं नाही. एका म्हातारीच्या मांडीचं हाड मोडलं. त्या ड्रायव्हरला मी कितीदा सांगितलं होतं. तो म्हणायचा, “आवाज येते, पण चालून राह्यली न!” या दोन शब्दांनी, ‘चालून राह्यली’, माझ्या धंद्यात जेवढं नुकसान झालं तेवढं पावसानं नि रस्त्यांनी मिळून झालं नसेल.

मोटारसायकलला साधारण चेन असते, तिथं हा प्रश्नच येत नाही. पण तायडे साहेबांची गाडी जर्मन, जुनी, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. तिला चेनऐवजी शाफ्ट. मागचं चाक धरणारा जो लोखंडी हात असतो, ज्याला आम्ही चिमटा म्हणतो, तो या गाडीत पोकळ नळीसारखा, आणि शाफ्ट त्याच्या पोटात लपवलेला. मागच्या चाकाजवळ एक क्रॉस, पुढं गिअरबॉक्सजवळ दुसरा. दोन्ही टोकांना पाणी-धूळ जाऊ नये म्हणून रबरी बूट चढवलेले. जीपच्या क्रॉसला ग्रीस भरायला निप्पल असतं, याला तेही नाही. बनवणाऱ्यानं एकदा भरून ठोकून बंद केलं, संपला विषय. क्रॉस मेला तर अख्खा शाफ्ट फेकायचा. असा उद्धट कारभार मी आधी पाहिला नव्हता.

तायडे साहेब सिंचन खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असतानाच ही गाडी त्यांनी पुण्याहून जुनी उचलली होती. बायकोला मागं बसवून राजस्थान, हिमाचल, कन्याकुमारी केलं. बाई वारल्या, त्यानंतर एकटे फिरले. मग एक दिवस अंगावरून वारं गेलं. डावा हात आणि डावा पाय गेला. पाय काठीच्या आधारानं थोडाफार परतला, हात नाही. आणि क्लच डाव्या हातात असतो. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली.

त्यांची एकुलती मुलगी पल्लवी वाशिमला दवाखान्यात नर्स आहे, पण राहते कारंज्यातच बापाजवळ, रोज जाऊन-येऊन करते. बापासारखीच उंच, बापासारखीच हट्टी. मोठ्या गाड्या तिला कॉलेजपासून चालवता येतात. तिनं ठरवलं, गाडी नीट करून घ्यायची आणि बाबांना मागं बसवून सांचीला न्यायचं. आईबाबा पहिल्यांदा सोबत लांब गेले ते तिथंच, स्तूप पाहायला.

गाडी टेम्पोतून आली, मागून ऑटोतून साहेब उतरले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात काठी. गॅरेजात येऊन त्यांनी माझीच खुर्ची ओढली, गाडीपासून हातभर अंतरावर टाकली आणि बसले. ती खुर्ची मला पुढचे कित्येक आठवडे परत मिळाली नाही.

मी चाक काढलं, ब्रेक बाजूला बांधला, मागचा बूट सोडवून चाकाजवळचं गिअरचं डबडं खाली उतरवलं. मागचा क्रॉस हातात धरून आडवा-उभा वाकवून पाहिला. तुपासारखा गुळगुळीत.

“चांगला आहे साहेब. शाफ्टाच्या टोकाच्या दात्यांले ग्रीस लावतो, नवा बूट चढवतो, झालं काम.”

“पुढचा पाहिला?”

“पुढच्यासाठी अख्खा चिमटा उतरवा लागते.”

“मंग उतरव.”

“मागचा चांगला आहे म्हणजे पुढचाही असन न साहेब. कायले उगाच खोलाचं?”

“असन?” ते म्हणाले. “मिस्त्री, मांगच्या खेपेले बऱ्हाणपूरकडून येताना पायात थरथर जाणवे. डाव्या पायात. तवा माहा पाय होता.”

उतरवला चिमटा. म्हणजे उतरवायला घेतला. त्याच्या दोन खिळ्या अशा पक्क्या डिंकानं चिकटवलेल्या, की पाना लावून मी लोंबकळलो तरी हलेनात. गरम केल्या, तेल मारलं, पुन्हा गरम केल्या. माझी बोटं पोळली. साहेब खुर्चीवरून सांगत होते, “अजून तापव. भेतं कायले?” एका क्षणी वाटलं, हा पाना यांच्याच हातात द्यावा. मग त्यांचा डावा हात आठवला, आणि मुकाट्यानं तापवत राहिलो.

चिमटा सुटला तेव्हा आतून गंजाचं लाल पाणी फरशीवर सांडलं. पुढचा बूट घडीत चिरलेला होता, किती पावसाळे पाणी पीत होता कोणास ठाऊक. क्रॉस हातात घेऊन वाकवला. अर्ध्यात आला आणि ‘खट्ट’. दुसऱ्या बाजूला वाकवला, तर तिथं चक्क लटपटत होता. असा शाफ्ट घेऊन पल्लवी बापाला मागं बसवून चार पदरी रस्त्यावर गेली असती, तर काय झालं असतं हे मला जीपच्या फाटलेल्या पत्र्यावरून माहीत होतं.

साहेब उठून समोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि तिथं बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं, की मिस्त्री तर खोलायलाच तयार नव्हता.

नवा शाफ्ट बाहेरदेशातून मागवायचा तर कधी येईल याचा भरवसा नाही. अकोल्याला माझ्या ओळखीचा एक लेथवाला आहे. ठोकून बंद केलेल्या वाट्या तो घासून काढतो, खाच पाडून कडी बसेल अशी सोय करतो आणि बदलता येईल असा क्रॉस बसवून देतो. मी शाफ्ट पोत्यात गुंडाळला आणि एसटी पकडायला निघालो, तर स्टँडवर साहेब हजर.

“तुमी कायले आले?”

“तू तिकडे मोजमाप कराले लावशीन की नाई, कोण पाहीन?”

बसमध्ये त्यांनी शाफ्ट माझ्या हातातून काढून स्वतःच्या मांडीवर आडवा घेतला, चांगला हात वरून ठेवला. कंडक्टरनं विचारलं, “काय आहे बाबाजी पोत्यात?” साहेब म्हणाले, “हाड आहे. बसवाले नेऊन राह्यलो.” तो बिचारा पुढं सरकला आणि आमच्याकडं वळूनही पाहिलं नाही. अकोल्यात लेथवाल्याला साहेबांनी इतके प्रश्न विचारले, की त्यानं मला बाजूला नेऊन विचारलं, “हे तुह्ये कोण लागतात?” मी म्हटलं, “गिऱ्हाईक.” तो म्हणाला, “मंग तुले काहून सोबत आणलं त्यायनं?”

काम मात्र त्यानं झकास केलं. शाफ्ट परत आणला, दोन्ही टोकांचे फोर्क, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत आहेत का ते पाहिलं. ते तिरके बसले तर शाफ्ट झटके देत फिरतो आणि नवा क्रॉसही लवकर मरतो. सगळं जुळवून, नवे बूट चढवून, चाक बसवून गाडी मेन स्टँडवर उभी केली. चाक हातानं फिरवलं. आवाज नाही, अडथळा नाही.

“खट्ट लागते,” साहेब म्हणाले.

मी पुन्हा फिरवलं. “नाई लागत साहेब.”

“मले ऐकू आलं. खोल.”

आता माझी अडचण समजून घ्या. पहिल्या वेळी मी नको म्हणत होतो आणि ते खरे निघाले होते. तेव्हा कोणत्या तोंडानं नाही म्हणू? खोललं. काही नव्हतं. बसवलं. दोन दिवसांनी म्हणाले, मागचा बूट पिळला गेला आहे. नव्हता. खोललं. मग म्हणाले, फोर्क रेषेत नाहीत, मला स्वप्नात दिसलं. स्वप्नात! मी पंचावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या स्वप्नावरून चिमटा उतरवला. तोवर माझे जीपवाले रोज डोकावून जात होते. “मिस्त्री, या बुलडोझरचं काम होईन का यंदा?” एक-दोघांनी दुसरं गॅरेज धरलं.

साहेबांचं मात्र वेळापत्रक ठरलेलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ऑटोतून यायचं, खुर्चीत बसायचं, टपरीवरून दोन चहा सांगायचे, त्यातला एक मला बळेच पाजायचा आणि दुपारपर्यंत माझ्या हाताकडं पाहत राहायचं. मी दुसऱ्या गाडीला हात लावला तरी तिथूनही सूचना यायच्या.

शेवटी पल्लवीला फोन केला. ती रविवारी आली. साहेब चहाला गेलेले पाहून मी तिला म्हटलं, “बाई, तुह्ये बाबा काम पुरं होऊच देत नाईत. तू समजाव.”

ती थोडा वेळ गाडीच्या सीटवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “काका, आजारपणापासून बाबा घराबाहेर निघतच नव्हते. लुंगी अन् बनियन, दिवसभर कॉटवर. आता सकाळी उठून दाढी करतात. इस्त्रीवाल्यासंग भांडतात. तुमच्याकडे येतात म्हणून.” आणि हळूच म्हणाली, “उलसं, अजून चार दिवस, लांबवता येत असन तर लांबवा न.”

झालं. बापाला काम संपायला नको, मुलीलाही संपायला नको. मधे मी, माझी अडलेली जागा आणि माझी गेलेली खुर्ची. दवाखाना तिचा वाशिमला, आणि पेशंट माझ्या गॅरेजात! मी हो म्हटलं, आणि त्या होकारावर स्वतःच दिवसभर चिडत राहिलो.

असं किती दिवस चालतं? एका सकाळी साहेबांनी पुन्हा काठीनं चिमट्याकडं बोट केलं. “पुढचा क्रॉस एकदा पाह्य.” माझ्या हातात कामरगावच्या एका जीपचं ब्रेक ड्रम होतं, मालक समोर उभा होता, ऊन तापलं होतं. ड्रम मी दाणकन खाली टाकलं.

“साहेब, गाडीत काहीच नाई. तुमालेही माहीत आहे काही नाई. गाडी नीट झाली का पल्लवी चालवन, अन् तुमाले तिच्या मांगं बसा लागन. ते तुमाले नको आहे. बाकी सगळ्या गोठी आहेत!”

जीपवाला बाहेर जाऊन उभा राहिला. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. त्यांनी काठी टेकली, उठले. मी आधाराला पुढं झालो तर म्हणाले, “राहू दे.” आणि एकेक पाऊल टाकत रस्त्यावर गेले. ऑटो मिळेपर्यंत उन्हात उभे राहिले, पण वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. वाटलं, बरं झालं. खुर्चीवर पाय पसरून बसलो, जीपचं काम आटोपलं. तिसऱ्या दिवसापासून बाहेर ऑटो थांबला की माझी मान वर व्हायला लागली. जे बोललो ते खरं होतं, यात मला आजही शंका नाही. पण परक्या माणसासमोर, ब्रेक ड्रम आपटून बोलायची गोष्ट होती का ती? पल्लवीला फोन लावला. ती म्हणाली, “भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. जेवतात उलसं.” मी काही बोलणार तोच म्हणाली, “तुमी वाईट वाटून घेऊ नका काका. कोणी तरी बोलाले पायजेच होतं. माह्या तोंडून निघत नव्हतं.”

तिच्या सुट्टीच्या दिवशी ती गाडी न्यायला आली. ऑटोतून. भाडं देऊन उतरली तरी ऑटोवाला हलेना, म्हणून पाहिलं तर आत साहेब. इस्त्रीचा शर्ट होता, दाढी मात्र वाढलेली.

“बाबा उतरत नाईत,” ती म्हणाली. “येतो म्हणाले, पण उतरत नाईत.”

तिनं गाडी बाहेर काढली, सुरू केली. मला वाटलं होतं सहज नेईल, पण ते धूड वेगळंच होतं. क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी एका बाजूला इतकी कलली, की मी धावलो. तेवढ्यात ऑटोतून आवाज आला.

“रेस दे आधी! क्लच अर्धा! अर्ध्यावर धरून ठेव, भेऊ नको!”

तिनं रेस दिली, क्लच अर्ध्यावर धरला. गाडी सरळ निघाली, पुढच्या वळणापर्यंत गेली, वळून परत आली. घामानं डबडबली होती, पण हसत होती.

साहेब ऑटोतून खाली उतरले. माझ्याकडं न पाहता म्हणाले, “मी तिच्या मांगं बसत नाई. मिस्त्री, तुही गाडी काढ. मांगून आवाज ऐकाचा आहे.”

माझी गाडी म्हणजे जुनी शंभर सीसी. ती बुटकी, म्हणून तिच्यावर साहेबांना दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून मागं बसवलं आणि पल्लवीच्या पाठोपाठ कामरगावच्या रस्त्याला लागलो. सबंध रस्ताभर माझ्या कानात, “जवळ घे... एवढी जवळ नको... आता गिअर पाडाले पायजे होता तिनं... ऐकलं का?” मला माझ्याच इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं, वारा चांगला होता, आणि माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

कामरगावला फाट्यावर थांबलो. साहेब कसेबसे गाडीजवळ गेले, वाकले आणि चाकाजवळच्या डबड्याला उलट्या हातानं स्पर्श केला. आत काही घासत असलं तर ते तापतं. बराच वेळ हात तिथं ठेवून उभे होते. मग चिमट्याच्या पुढच्या टोकाला हात लावला.

“थंड आहे,” ते म्हणाले. आणि पल्लवीकडं पाहून, “जाताना मी बसतो.”

बोलायला सोपं होतं. मोटारसायकलवर आपण डावा पाय रोवून उजवा पाय पलीकडं टाकतो. त्यांचा डावा पाय भार घेईना. मग गाडी मेन स्टँडवर घेतली, त्यांना उलट्या बाजूनं आणलं. चांगल्या पायावर ते उभे राहिले आणि डावा पाय मी दोन्ही हातांनी उचलून सीटवरून पलीकडं नेला, फूटरेस्टवर ठेवला. फाट्यावरची माणसं जमली होती. साहेबांना असं कोणासमोर उचलून घेतलेलं कधीच चाललं नसतं. त्या दिवशी त्यांनी ते चालवून घेतलं. पल्लवी पुढं बसली, मी मागून जोर लावून गाडी स्टँडवरून उतरवली. क्षणभर सगळं वजन तिच्या पायांवर आलं, पण तिनं धरून ठेवलं.

“बाबा, धरून बसा.”

“तू समोर पाह्य,” साहेब म्हणाले. त्यांचा उजवा हात थोडा वेळ हवेतच होता. मग तो तिच्या खांद्यावर बसला.

मी मागून येत होतो. कारंज्यापर्यंत तो हात तिथून हलला नाही.

ते सांचीला गेले आणि सुखरूप आले. पुढच्या हिवाळ्यात पल्लवी गाडी सर्व्हिसला टाकून गेली. मी डबडं उतरवलं, चिमटाही उतरवला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी उतरवला. दोन्ही बूट आतून कोरडे, क्रॉस आडवा-उभा वाकवला तर लोण्यासारखा फिरत होता. इतकं चांगलं काम, आणि पाहायला कोणी नाही. माझा संताप झाला. ग्रीसच्या हातानंच फोन लावला.

“साहेब, सगळं खोलून ठेवलं आहे. तुमी येऊन एकदा क्रॉस पाहून घ्या, मंग बूट बसवतो.”

“पाह्यला न तू?”

“पाह्यला. पण तुमी...”

“मंग बसवून टाक न बाप्पा, कायले टाइम लावतं?” तायडे साहेब म्हणाले. “आमाले उद्या सकाळी निघाचं आहे.”